पौर्वापर्यविवेक आणि क्रूराविषयीची सहानुभूती : 'सामना' व 'आक्रीत' यांच्या निमित्ताने

१

मानसशास्त्रीय रहस्यपटांतील क्रूर व्यक्तिरेखेविषयी प्रेक्षकाला सहानुभूती का वाटते, या प्रश्नाचे उत्तर बहुधा दोन प्रकारे दिले जाते. पहिले उत्तर कारणमीमांसेचे आहे. क्रूर माणसाचे बालपण, त्याला सोसावा लागलेला अन्याय, त्याच्या मनाची विकृती यांचे ज्ञान झाले की प्रेक्षक त्याला क्षमा करू लागतो, असे ते सांगते. दुसरे उत्तर प्रेक्षकाच्या सुप्त वासनांचे आहे. आपल्या मनात दडपलेली हिंसा पडद्यावरील माणसाकरवी परस्पर तृप्त होते आणि म्हणून तो आपल्याला जवळचा वाटतो, असे त्याचे म्हणणे. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. परंतु एका अगदी साध्या अनुभवाचा उलगडा त्यांपैकी एकानेही होत नाही. ज्याच्या बालपणाविषयी आपल्याला अद्याप काहीच ठाऊक नाही आणि ज्या कृत्याची आपल्याला नुकतीच किळस आलेली आहे, त्या कृत्याचाच माग बुजवण्याचे काम फसू नये, असे आपल्याला काही मिनिटांतच वाटू लागते. येथे क्षमेला अवसर नसतो आणि वासनातृप्तीला विषय नसतो. असते ती केवळ एक अपुरी राहिलेली कृती.

हिचकॉकच्या 'सायको' (१९६०) मधील प्रसंग सर्वपरिचित आहे. स्नानगृहातील हत्येनंतर नॉर्मन बेट्स फरशी पुसतो, मृतदेह पडद्यात गुंडाळतो, मोटारीत ठेवतो आणि मोटार दलदलीत ढकलतो. मोटार बुडता बुडता मध्येच थांबते. त्या क्षणी प्रेक्षागृहातला श्वास अडकतो तो नॉर्मनसाठी. खून आईने केला आणि मुलगा तिला वाचवतो आहे, असा प्रेक्षकाचा समज करून दिलेला असतो, हे खरे. परंतु तेवढ्याने या अनुभवाची संगती लागत नाही. त्याच दिग्दर्शकाच्या 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन' (१९५१) मध्ये ब्रूनो हा खुनी आहे हे आपण प्रत्यक्ष पाहिलेले असते. निरपराध माणसाला गुंतवण्यासाठी त्याने आणलेला लायटर गटाराच्या जाळीतून खाली पडतो आणि तो बोटे ताणून ताणून त्याच्यापर्यंत पोहोचू पाहतो, तेव्हा आपलीही बोटे नकळत ताणली जातात. ब्रूनोविषयी कोणताही गैरसमज आपल्याला येथे नसतो.

याचा अर्थ असा की क्रूराविषयीच्या सहानुभूतीचा उगम व्यक्तिरेखेच्या चरित्रात शोधण्यापूर्वी तो कथनातील काळाच्या रचनेत शोधला पाहिजे. प्रस्तुत लेखात हे प्रमेय मांडून त्याच्या साहाय्याने दोन मराठी चित्रपटांचा विचार करावयाचा आहे.

२

या विचारासाठी लागणारी परिभाषा आपल्या परंपरेत उपलब्ध आहे. मात्र चित्रपटाच्या संदर्भात तिचा उपयोग क्वचितच झाला आहे. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून वाङ्मयानंदाची उपपत्ती 'सविकल्प समाधी' या संकल्पनेच्या आधारे मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण आपली भूमिका सोडत नाही; या दुहेरीपणात त्याचा आनंद असतो, असा तिचा आशय. क्रूर पात्राच्या संदर्भात ही संकल्पना विशेष उपयुक्त आहे. खुनी माणसाच्या भूमिकेत शिरूनही आपण खुनी होत नाही, ते समाधीत 'विकल्प' शिल्लक असतो म्हणून. परंतु हा विकल्प सर्व काळ सारख्याच तीव्रतेने जागा असतो काय, हा प्रश्न केळकरांच्या उपपत्तीत अनुत्तरित राहतो.

त्याचे उत्तर अभिनवगुप्ताच्या रसाभासविषयक विवेचनात मिळते. रावणाची सीतेविषयीची रती हे शृंगाराभासाचे प्रसिद्ध उदाहरण. जिला रावणाविषयी यत्किंचित आसक्ती नाही तिच्याविषयीची ही रती अनुचित आहे. म्हणून ती आभास. मात्र 'लोचना'त अभिनवगुप्त एक सूक्ष्म निरीक्षण नोंदवतो. तन्मयीभवनाच्या अवस्थेत रसिकाला या रतीचा आस्वाद शृंगार म्हणूनच येतो, कारण त्या वेळी मागचेपुढचे ताडून पाहण्याचा विवेक, म्हणजे पौर्वापर्यविवेक, बाजूला पडलेला असतो. आभासाची जाणीव नंतर होते. शिंपल्यावर चांदीचा भास व्हावा आणि मग तो शिंपला असल्याचे कळावे, तशी.

या निरीक्षणाचा व्याप शृंगारापुरता मर्यादित ठेवण्याचे कारण नाही. अनुचित भावाशी होणारी तन्मयता औचित्याच्या नियमांनी टळत नाही. ती पौर्वापर्याच्या लोपाने घडते आणि पौर्वापर्याच्या पुनःस्थापनेने संपते. ॲरिस्टॉटलने अतिदुष्ट माणसाच्या अधःपाताने करुणाही जागी होत नाही आणि भीतीही नाही, असे म्हटले, ते संपूर्ण कथानक एका दृष्टिक्षेपात धरून. रहस्यपट मात्र प्रेक्षकाला तसा दृष्टिक्षेप टाकू देत नाही. तो काळाचा संकोच करतो. मोटार बुडेल की नाही, हात पोहोचेल की नाही, एवढाच वर्तमानकाळ तो शिल्लक ठेवतो. मागचा मृतदेह आणि पुढचा बळी दोन्ही दृष्टिआड होतात. आपण ज्याला सहानुभूती म्हणतो ती अशा संकुचित वर्तमानकाळातील सहकृती असते.

यातून मूल्यमापनाची एक कसोटी निघते. एखादा चित्रपट क्रूर माणसाविषयी सहानुभूती निर्माण करतो एवढ्यावरून त्याच्यावर अनैतिकतेचा ठपका ठेवता येत नाही, आणि 'मानवी मनाच्या गुंतागुंतीचे दर्शन' म्हणून त्याचा गौरवही करता येत नाही. लोपलेले पौर्वापर्य तो केव्हा, कसे आणि कोणाच्या बाजूने परत आणतो, हे पाहावे लागते. 'सायको'च्या शेवटी मानसोपचारतज्ज्ञ लांबलचक स्पष्टीकरण देतो, त्याने हे काम साधत नाही. ते साधते अगदी अखेरच्या दृश्याने : तीच मोटार साखळीने दलदलीतून वर ओढली जात असते. जी बुडावी असे आपल्याला वाटले होते ती वर येते, आणि तिच्याबरोबर आपली तेव्हाची इच्छाही वर येते. फ्रिट्झ लांगच्या 'एम' (१९३१) मध्ये बालहत्यारा बेकर्ट गुन्हेगारांच्या न्यायसभेपुढे आपल्या असह्य अंतःप्रेरणेची कैफियत मांडतो, तेव्हा त्याची कीव येते. परंतु चित्रपटाचा आरंभ एल्सीच्या रिकाम्या ताटाने आणि विजेच्या तारांत अडकलेल्या फुग्याने झालेला असतो, आणि अखेर होते ती शोकमग्न आईच्या शब्दांनी. कैफियत या दोहोंच्या मध्ये आहे, आणि तिचे मोल त्या दोहोंनी ठरते.

३

मराठी प्रेक्षकाला या अनुभवाची ओळख चित्रपटाआधी रंगभूमीने करून दिली. आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच' (१९६२) मधील लखोबा लोखंडे अनेक स्त्रियांना फसवणारा भामटा आहे, आणि प्रभाकर पणशीकरांनी रंगवलेल्या या भामट्यावर प्रेक्षकांनी कित्येक वर्षे प्रेम केले. त्याचा निगरगट्ट नकार, त्याची उलटतपासणी, फिरत्या रंगमंचावर बदलणारी त्याची सोंगे यांत प्रेक्षक इतका गुंततो की या पेचातून हा आता कसा निसटणार, हाच त्याच्या कुतूहलाचा विषय होतो. तथापि न्यायालयाची चौकट अत्र्यांनी सोडली नाही. साक्षीदार एकामागून एक येतात आणि प्रत्येक साक्ष हे विसरलेल्या पौर्वापर्याचे परत येणे असते. हसणे आणि साक्ष यांचा झगडा नाटकभर चालू राहतो. बहुतेक प्रयोगांत हसणे जिंकत असावे, असे त्या नाटकाच्या लोकप्रियतेचे स्वरूप पाहता वाटते.

चित्रपटात राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) हा रहस्यपटाचा ठळक मराठी नमुना. त्यातील रहस्य एका चेहऱ्याच्या दोन स्त्रियांचे असल्यामुळे क्रौर्याचा प्रश्न तेथे दुय्यम राहतो. तो मध्यवर्ती होतो विजय तेंडुलकरांच्या पटकथांमध्ये. 'गिधाडे', 'सखाराम बाइंडर', 'घाशीराम कोतवाल' या नाटकांत त्यांनी क्रूर माणसाला खलनायकाच्या साच्यातून बाहेर काढले होतेच. हिंसेच्या अभ्यासासाठी त्यांना नेहरू अभ्यासवृत्ती मिळाली तीही सत्तरच्या दशकात. त्यांच्या लेखनातील दोन पटकथा, 'सामना' आणि 'आक्रीत', आपल्या प्रश्नाच्या दोन टोकांना उभ्या आहेत.

४

जब्बार पटेल दिग्दर्शित 'सामना' १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेसाठी निवडला गेला. त्याची चर्चा आजवर प्रामुख्याने राजकीय चित्रपट म्हणून झाली, आणि ते योग्यच आहे. मात्र त्याची रचना रहस्यपटाची आहे. व्यसनाने खचलेला, भूतकाळाच्या ध्येयवादाचे अवशेष बाळगणारा एक निनावी मास्तर (डॉ. श्रीराम लागू) एका गावात येऊन पडतो; हिंदूराव धोंडे पाटील (निळू फुले) या सत्ताधीशाचा पाहुणा होतो; आणि मारुती कांबळे या लष्करातून परतलेल्या माणसाचे काय झाले, असा प्रश्न विचारू लागतो. कोणी केले, हे रहस्य येथे फार काळ राहत नाही. हा प्रश्न विचारत राहण्याचे बळ मास्तरात उरले आहे काय आणि हिंदूराव ते कोठवर उरू देईल, ही खरी उत्कंठा.

हिंदूरावाचे प्रथमदर्शन क्रौर्यातून होत नाही, आतिथ्यातून होते. तो मास्तराला आसरा देतो, दारू देतो, आपले साम्राज्य दाखवतो, त्याच्याशी गप्पा मारतो. यात सावधपणा आहे, तसाच एकटेपणाही आहे. ज्याच्यासमोर सगळे माना डोलावतात अशा माणसाला बरोबरीने बोलणारा कोणीतरी हवा असतो, आणि तो त्याला भेटतो एका फाटक्या, दारुड्या मास्तरात. निळू फुल्यांचा अभिनय येथे फार महत्त्वाचे काम करतो. 'सखाराम बाइंडर'च्या १९७२ च्या प्रयोगांत ज्या नटाने रांगडेपणाच्या मुळाशी असलेली गरज दाखवली होती, तोच येथे आवाज चढवत नाही. खालच्या पट्टीतले बोलणे, तोलून टाकलेली नजर आणि अधूनमधून डोकावणारे मिश्किल हसू यांतून त्याचा हिंदूराव माणूस म्हणून उभा राहतो. मास्तर त्याची दारू पितो आणि आपण त्याचे आतिथ्य स्वीकारतो. प्रेक्षकाचे पौर्वापर्य येथे वेगाने वा भीतीने लोपत नाही, ते उपकाराने लोपते.

या मुद्द्याचा सामाजिक संदर्भ पाहिल्यावाचून त्याचे वजन लक्षात येणार नाही. हिंदूरावाच्या सत्तेचे अधिष्ठान सहकारी साखर कारखानदारीत आहे. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि नंतरच्या काही दशकांत ग्रामीण महाराष्ट्राचे अर्थकारणच नव्हे तर भावविश्वही कारखान्याभोवती फिरू लागले. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात कासारसाई-दारुंब्रे येथे संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. एका बाजूला कासारसाईचे धरण, पलीकडे हिंजवडीच्या संगणक कंपन्यांचे मनोरे आणि मध्ये उसाची शेते, असा तो परिसर. अशा गावातून आलेला पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी 'सामना' पाहतो तेव्हा कारखाना त्याच्या दृष्टीने सत्तेचे प्रतीक नसतो. तोडणीची टोळी वेळेवर येणे, काट्यावरचे वजन, पहिली उचल, घरातील एखाद्याची हंगामी नोकरी, असा तो रोजचा व्यवहार असतो. देणारा हात कोणाचा आणि त्याने आणखी काय केले आहे, हे प्रश्न या व्यवहारात रोज विचारता येत नाहीत. हे विधान कोणत्याही विशिष्ट संस्थेविषयी नाही. देणाऱ्या सत्तेचे आणि घेणाऱ्याच्या स्मरणाचे जे नाते सर्वत्र असते त्याविषयी आहे. हिंदूरावाविषयी वाटणारी सहानुभूती म्हणूनच केवळ पटकथेच्या कौशल्याची निष्पत्ती मानता येत नाही. प्रेक्षागृहात येण्यापूर्वीच तिचा सराव झालेला असतो, आणि 'सामना' या सरावाला पडद्यावर आणून त्याची परीक्षा घेतो.

ही परीक्षा होते ती मास्तराच्या प्रश्नाने. मारुती कांबळेची पडद्यावरील उपस्थिती थोडी आहे. त्याच्याविषयी सहानुभूती वाटावी इतका सहवास चित्रपट आपल्याला लाभू देत नाही, आणि हीच त्याची मर्मदृष्टी आहे. सहवास हिंदूरावाचा, मारुतीचे केवळ नाव. मराठी प्रेक्षकाला 'कांबळे' या आडनावातून जे ऐकू येते ते सांगावे लागत नाही. गावगाड्यात ज्यांच्या असण्याची नोंद नव्हती त्यांच्या नसण्याची नोंद कोण ठेवणार, हा प्रश्न त्या नावातच आहे. मास्तर तो प्रश्न पुन्हा पुन्हा उच्चारतो, आणि दर वेळी हिंदूरावाच्या आतिथ्याचा वर्तमानकाळ भंगतो. 'सायको'त मोटार अखेरीस एकदाच वर येते. 'सामना'त ती सतत वर येत राहते. तन्मयता आणि पौर्वापर्य यांची अशी लागोपाठ आवर्तने घडवल्यामुळे प्रेक्षकाची समाधी सविकल्प राहते, आणि हा विकल्प त्याला सुखाचा नसतो.

अखेरीस हिंदूरावाचा पराभव होतो, तेव्हा प्रेक्षकाला निर्भेळ आनंद होत नाही, असा आक्षेप घेता येईल. पराभूत हिंदूरावाला लाभणारी प्रतिष्ठा ही मारुतीच्या वाट्याची प्रतिष्ठा आहे. चित्रपटाने उच्चवर्णीय मास्तर आणि सत्ताधीश पाटील यांच्या द्वंद्वात दलित माणसाला केवळ निमित्त केले, असे या आक्षेपाचे स्वरूप राहील. तो गंभीर आहे. प्रश्न विचारणारा स्वतः मारुतीच्या वस्तीतला असता तर चित्रपटाचे स्वरूप वेगळे झाले असते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु या आक्षेपाने चित्रपटाचे खंडन होते असे नाही. हिंदूरावाचे जे आकर्षण प्रेक्षकाला शेवटपर्यंत सोडत नाही, त्याची लाज वाटण्याची सोय चित्रपटाने करून ठेवली आहे. ते आकर्षण चित्रपटाने लपवले असते, हिंदूरावाला आरंभापासून राक्षस म्हणून रंगवले असते, तर मारुतीचे काय झाले या प्रश्नाशी प्रेक्षकाचा संबंधच उरला नसता. राक्षसाचे आतिथ्य कोणी स्वीकारत नाही. म्हणून राक्षसाच्या गुन्ह्यात कोणी सहभागीही नसतो.

५

'आक्रीत' (१९८१) या अमोल पालेकर यांच्या पहिल्या दिग्दर्शित चित्रपटाचा मार्ग नेमका उलटा आहे. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात घडलेल्या हत्याकांडावर तो आधारलेला आहे. प्रत्यक्ष खटल्यातील व्यक्तींच्या दोषादोषाचा विचार येथे अप्रस्तुत आहे. येथे विषय आहे तो चित्रपटातील मुकुटराव (अमोल पालेकर) आणि रूही (चित्रा पालेकर) या व्यक्तिरेखांचा. संततीच्या हव्यासापोटी अजाण मुलींचे बळी घेतले जातात, आणि चित्रपट आपल्याला तपास करणाऱ्यांबरोबर न ठेवता बळी घेणाऱ्यांच्या घरात ठेवतो.

सहानुभूती निर्माण होण्यास लागणारी सर्व सामग्री येथे आहे. व्यक्तिरेखांचा दीर्घ सहवास आहे. वांझपणाच्या कलंकाने पोळलेल्या आणि समाजाने उपरी ठरवलेल्या स्त्रीचे दुःख आहे. शिवाय नटाची पूर्वप्रतिमा आहे. 'रजनीगंधा' (१९७४) आणि 'छोटी सी बात' (१९७६) यांतून प्रेक्षकांनी पालेकरांना भिडस्त, मध्यमवर्गीय, निरुपद्रवी तरुण म्हणून आपलेसे केले होते. रॉबर्ट ब्लॉकच्या कादंबरीतील स्थूल, मध्यमवयीन नॉर्मनच्या जागी हिचकॉकने देखणा, लाजरा अँथनी पर्किन्स घेतला तो नेमक्या याच लाभासाठी. पालेकरांनी हा लाभ घेतला नाही, हे 'आक्रीत'चे वैशिष्ट्य. क्रूर कृत्याच्या क्षणी काळाचा संकोच करून प्रेक्षकाला श्वास रोखायला लावणे हा चित्रपट टाळतो. काम फत्ते होईल की फसेल, ही उत्कंठा तो जोपासत नाही. हत्येकडे नेणारी कारणपरंपरा आणि हत्येनंतरचे निर्विकार दैनंदिन जीवन दोन्ही तो सलग नजरेसमोर ठेवतो. पौर्वापर्य येथे लोपतच नाही.

याचा लाभ आहे, तसा तोटाही आहे. लाभ असा की रूहीच्या दुःखाचे आकलन प्रेक्षकाला होते, आणि त्या आकलनाचे समर्थनात रूपांतर होत नाही. समजणे आणि सामील होणे यांतील भेद 'आक्रीत' काटेकोरपणे राखतो. तोटा असा की प्रेक्षक सुरक्षित राहतो. ही माणसे आपल्यासारखी नाहीत, अंधश्रद्ध आहेत, आडगावची आहेत, अशी स्वतःची समजूत घालून तो बाहेर पडू शकतो. अभिनवगुप्ताच्या भाषेत बोलायचे तर चांदीचा भास झालाच नाही, त्यामुळे शिंपला ओळखण्याचा धक्काही बसला नाही. 'सामना' पाहणाऱ्याला ही सुटका मिळत नाही.

त्याच हत्याकांडावर २०२४ साली 'मानवत मर्डर्स' ही मराठी मालिका प्रदर्शित झाली. तिचा कथनबिंदू तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांचा आहे. तपासकथेत प्रेक्षकाची उत्कंठा छडा लागण्याशी बांधलेली असते. क्रूर माणसे तेथे उकलावयाचे कोडे असतात आणि बळी हे त्या कोड्यातील दुवे. अशा रचनेत क्रूराविषयी सहानुभूती उत्पन्न होण्याचा धोका फारसा नसतो. पण आपण निर्दोष आहोत ही प्रेक्षकाची खात्रीही तीत कोठे हलत नाही. तेंडुलकर-पालेकरांनी चार दशकांपूर्वी नाकारलेला मार्ग तो हाच होता.

६

उपर्युक्त विवेचनातून निघणारे निष्कर्ष मर्यादित आहेत. एक, क्रूर व्यक्तिरेखेविषयीची सहानुभूती हा प्रथमतः कथनकालाचा परिणाम आहे; व्यक्तिरेखेचे पूर्वचरित्र तिला आधार देते, जन्म देत नाही. दोन, पौर्वापर्यविवेकाचा लोप नेहमी उत्कंठेनेच होतो असे नाही. 'सामना'त तो आतिथ्याने आणि उपकाराने होतो, आणि ही रीत आपल्या समाजरचनेशी निगडित असल्यामुळे पाश्चात्त्य रहस्यपटांच्या मीमांसेत तिला स्थान मिळालेले नाही. तीन, अशा कलाकृतीची कसोटी क्रूराला दिलेल्या सहानुभूतीच्या प्रमाणात शोधू नये. अनुपस्थित बळीला त्या सहानुभूतीत व्यत्यय आणण्याचा अधिकार कितपत दिला आहे, यात ती शोधावी.

हा तिसरा निष्कर्ष चित्रपटापुरता राहत नाही. साहित्याच्या अध्यापनात 'व्यक्तिरेखेची गुंतागुंत' हा गुणवाचक शब्दप्रयोग आपण सढळपणे वापरतो, आणि तो बहुधा अत्याचार करणाऱ्याच्या वाट्याला येतो. सखाराम गुंतागुंतीचा, घाशीराम गुंतागुंतीचा, हिंदूराव गुंतागुंतीचा. मारुती कांबळेच्या व्यक्तिरेखेत गुंतागुंत आहे काय, असा प्रश्न परीक्षेत कोणी विचारत नाही, कारण तिच्यासाठी लागणारा अवकाश संहितेने त्याला दिलेला नसतो. हा अवकाश कोणाला मिळाला, कोणाला नाकारला गेला आणि नाकारला गेल्याची खूण संहितेत कोठे उरली आहे, हे पाहणे समीक्षेचे काम आहे. 'सामना'त ती खूण एका प्रश्नाच्या रूपाने उरली आहे. इतर पुष्कळ कृतींत ती शोधावी लागेल, आणि काहींत ती सापडणार नाही.